आवाज बंद होईपर्यंत

तिने बोर्डाच्या कोपऱ्यातल्या बिंदूवर मल्टिमीटरची लाल सुई टेकवली, काळी ग्राउंडला धरली आणि आकडा स्थिरावायची वाट पाहिली. दोन पूर्णांक एकतीस. तिने सुई उचलली, पुन्हा टेकवली. दोन एकतीस. मग कपाटातून दुसरा मीटर काढला. पहिल्याची बॅटरी उतरली असावी, असं मानायला तिला फार आवडलं असतं. दुसऱ्यानेही तेच सांगितलं.

तिथे एक पूर्णांक दोन व्होल्ट असायला हवे होते.

समोरचा गॅस अलार्म एका बर्फाच्या कारखान्यातून आला होता. नऊ दिवसांपूर्वी तिथे अमोनियाची गळती झाली. अलार्म वाजला, नाही असं नाही. पण तो वाजला तेव्हा कॉम्प्रेसरपाशी उभा असलेला ऑपरेटर आधीच खाली कोसळला होता. जीव वाचला. एक डोळा गेला, दुसऱ्याचं काही सांगता येत नव्हतं. चौकशी अधिकाऱ्याने अलार्म भिंतीवरून उतरवून सीलबंद केला आणि ज्या कंपनीने तो बनवला तिच्याकडेच तपासायला पाठवला, कारण त्याच्या खात्यात असला बोर्ड वाचणारं कोणी नव्हतं. कंपनीतही वाचणारी एकच होती. कामावर सगळे जिला मॅडम म्हणत आणि घरी सगळे ताई, तिनेच सहा वर्षांपूर्वी हे सर्किट काढलं होतं.

सर्किट साधंच होतं. हवेत गॅस जितका जास्त, तितकं सेन्सरकडून येणारं व्होल्टेज जास्त. ते एका ठरावीक व्होल्टेजशी सतत ताडून पाहायचं. त्याच्या वर गेलं की भोंगा. या ठरावीक व्होल्टेजला संदर्भ म्हणतात आणि सगळी मदार त्याच्यावर असते. संदर्भ वर चढला की अलार्मला गॅस उशिरा कळतो. तिच्या सर्किटात तो एका प्रीसेटने, म्हणजे गव्हाच्या दाण्याएवढ्या स्क्रूने, खाली-वर करता यायचा. सेन्सर जुना झाला की मंदावतो, मग संदर्भही थोडा खाली आणावा लागतो, म्हणून ही सोय. खाली आणावा लागतो. वर नेण्याची गरज तिला कधीच दिसली नव्हती. म्हणून तिने प्रीसेटच्या वरच्या अंगाला एक रेझिस्टर घातला होता. स्क्रू कितीही फिरवा, संदर्भ एक पूर्णांक चारच्या पलीकडे जाणार नाही. मूळ आराखड्यात त्या रेझिस्टरभोवती तिने पेनने गोल काढून ‘हा काढू नये’ असं लिहिलं होतं.

दुसऱ्याच वर्षी विक्रीप्रमुखाने तो काढायला लावला.

“काही गिऱ्हाइकांकडे थोडा वास कायमच असतो, मॅडम. तिथे आपला अलार्म दिवसभर बोंबलतो. एकच बोर्ड सगळीकडे चालला पाहिजे. थोडी ढील द्या.”

तीन बैठका ती भांडली. चौथ्या बैठकीत तिने ढील दिली. रेझिस्टरच्या जागी आता शून्य ओहमचा तुकडा बसत होता, म्हणजे नुसती तार, आणि बदलाच्या कागदावर सही तिची होती.

तिने भिंगाचा दिवा जवळ ओढला. जुळवणी झाली की प्रीसेटच्या डोक्यावर लाखेचा थेंब टाकायची पद्धत होती, म्हणजे स्क्रू आपोआप हलू नये आणि कोणी हलवलाच तर कळावं. कंपनीची लाख गडद तांबडी, जवळजवळ काळपट. या प्रीसेटवर ती तडकली होती. आणि तडकलेल्या लाखेवर दुसरा थेंब होता. गुलाबी, बारीक चमक असलेला.

ती खुर्चीत मागे टेकली. बराच वेळ तिने कशालाच हात लावला नाही.

दोन महिन्यांपूर्वी दुरुस्ती विभागातल्या लाखेच्या बाटल्या सुकून गेल्या होत्या. नव्या मागवल्याचा कागद तिच्याच टेबलावरून गेला होता, पण बाटल्या काही आल्या नव्हत्या. तेव्हा तिथेच काम करणाऱ्या धाकट्या भावाने तिच्यासमोर आपल्या हत्यारांच्या पिशवीतून नेलपॉलिशची बाटली काढून दाखवली होती.

“बायकोची ढापली. चालतेय की, ताई. उलट छान दिसतं.”

ती हसली होती. चालणार नाही, असं तेव्हा म्हणायला हवं होतं. पण धाकट्याच्या बाबतीत तिचं नेहमीच असं व्हायचं. बारा वर्षांनी लहान भाऊ. वडील गेले तेव्हा तो शाळेत होता आणि ती नुकती नोकरीला लागली होती. त्याच्या फिया, त्याचे बूट, त्याचा तंत्रनिकेतनातला प्रवेश, सगळं तिनेच पाहिलं. सोल्डरिंग त्याला तिनेच शिकवलं, स्वयंपाकघरातल्या ओट्यावर, जुन्या रेडिओच्या बोर्डावर. ग्राहकांकडे जाऊन यंत्रं दुरुस्त करायची ही नोकरीही त्याला तिच्या शब्दावर मिळाली होती.

तिने फोन करून त्याला वर बोलावलं. तो आला, दार लोटून घेतलं आणि टेबलावर काय आहे हे पाहताच दारापाशीच थांबला.

“बस,” ती म्हणाली.

तो बसला नाही.

“तू तिथे गेला होतास?”

“गळतीच्या आठ दिवस आधी. तक्रार होती. भोंगा सारखा वाजतोय म्हणून.”

“प्रीसेट फिरवलास?”

त्याने मान खाली घातली. “थोडासा.”

“थोडासा म्हणजे किती?”

“ताई, तिथला मॅनेजर डोक्यावर उभा होता. भोंगा वाजला की माणसं बाहेर पळतात, बर्फ पडून राहतो, दिवसात चार-चार वेळा. तो म्हणाला, बंद करून जा नाहीतर मी मालकांशी बोलतो.”

“किती फिरवलास?”

“आवाज बंद होईपर्यंत.”

खाली कुणीतरी लोखंडी ट्रॉली ओढत नेली. तिने तिचा खडखडाट थांबू दिला.

“टेस्ट गॅसची बाटली नेली होतीस?”

“नाही. गाडीत दुसरं सामान भरलं होतं, जागा नव्हती. मला वाटलं सेन्सर म्हातारा झालाय, उगाच ओरडतोय.”

“म्हातारा सेन्सर ओरडत नाही,” ती म्हणाली. “गप्प होतो. हे मी तुला पहिल्या आठवड्यात शिकवलं होतं.”

 तो आता पस्तिशीचा होता, कानांवर केस पांढरे व्हायला लागले होते. पण खाली बघत अंगठ्याने बोटं चोळायची त्याची खोड शाळेतलीच होती. अलार्म खोटं बोलत नव्हता, हे त्यालाही एव्हाना कळलं होतं. व्हॉल्व्हच्या पॅकिंगमधून थोडा थोडा गॅस खरोखरच येत होता. आठ दिवसांनी पॅकिंग गेलंच.

“तू लिहिणार का हे?” त्याने विचारलं.

“मग काय लिहू?”

तो तिच्याकडे पाहत राहिला. मग दार उघडून निघून गेला.

संध्याकाळी ती घरी पोचली तेव्हा आई जिन्यात पायरीवर बसली होती. आई धाकट्याकडे राहायची आणि न कळवता कधी यायची नाही. गुडघ्यांमुळे दोन मजले चढून ती घामाघूम झाली होती. आत आल्यावर तिने पाणी घेतलं, पेला जागेवर ठेवला, पदराने तोंड पुसलं.

“त्याने जेवण टाकलंय,” आई म्हणाली.

“आई, तिकडे एका माणसाचा डोळा गेलाय.”

“माहीत आहे मला. वाईट झालं. मी काय दगड आहे का?” आईने पेला उगाच थोडा सरकवला. “तुरुंगात घालतील का गं त्याला?”

“माहीत नाही. घालतीलही.”

“पोर दुसरीत आहे त्याची.”

ती स्वयंपाकघरात गेली, चहाचं आधण ठेवलं. आई मागोमाग येऊन दाराच्या चौकटीला टेकली.

“यंत्र बिघडलं असं नाही का लिहिता येत? यंत्रं बिघडतातच की.”

“ते बिघडलेलं नाही. आणि ते माझं आहे.”

“तुझंच आहे ना? मग झालं तर. तुला कोण काय बोलणार? एक सर्किट गेलं, दुसरं करशील.” आईचा आवाज चढला नव्हता, भाजी निवडताना बोलावं तशी ती बोलत होती. “मी तुझ्याकडे कधी काही मागितलं नाही. मागावं लागलंच नाही, तू आपणहूनच केलंस सगळं. हे तेवढं मागते.”

चहा उतू गेला. तिने गॅस बंद करून ओटा पुसला, फडकं पिळलं, पुन्हा पुसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती सगळ्यांच्या आधी प्रयोगशाळेत आली. कापसाचा बोळा थिनरमध्ये बुडवून तिने प्रीसेटच्या डोक्यावरून फिरवला. गुलाबी रंग पहिल्याच फटक्यात निघाला. तांबडा निघायला वेळ लागला. बोळा तिने कागदात गुंडाळून बाहेरच्या कचऱ्याच्या पिंपात टाकला आणि परत येऊन अहवाल लिहायला घेतला.

अहवाल चांगला जमला. खोटं लिहायला एवढी कमी मेहनत लागेल, असं तिला वाटलं नव्हतं. कॉम्प्रेसरची सततची थरथर, बर्फाच्या कारखान्यातला दमटपणा, त्यामुळे लाख सुटणं, प्रीसेटचा स्क्रू हळूहळू सरकणं, आणि वरची मर्यादा घालणारा रेझिस्टर सर्किटात नसल्याने संदर्भ व्होल्टेज जवळजवळ दुप्पट होणं. प्रत्येक वाक्य एकेकटं घेतलं तर घडू शकेल असंच होतं. शेवटी तिने लिहिलं: ‘सदर दोष आराखड्यातील असून देखभालीशी त्याचा संबंध आढळत नाही.’

मालकांनी अहवाल वाचला आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला.

“म्हणजे आपलंच सर्किट.”

“माझं,” ती म्हणाली.

ते भले गृहस्थ होते. रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, “तुमच्याकडून असं होईल असं वाटलं नव्हतं,” आणि त्यानंतर पुष्कळ दिवस तिच्याशी बोलताना ते खिडकीबाहेर बघत.

विकलेले सगळे अलार्म परत बोलावले गेले. नवा आराखडा करायला बाहेरून एक इंजिनिअर घेतला, तिशीचा, हुशार, बोलायला नम्र. त्याने महिन्याभरात सर्किट आणलं. प्रीसेट नव्हताच, दोन पक्के रेझिस्टर, संदर्भ कायमचा ठरलेला, सेन्सर मंदावला की यंत्र कारखान्यातच परत आणायचं. प्रीसेट घालण्याआधी तिने मांडलेला अगदी पहिला कच्चा आराखडा नेमका हाच होता. तिने कपाटातून तो काढून दाखवला नाही.

“अशा यंत्रात हाताने फिरवता येईल असं काही ठेवणं, हीच मुळात चूक होती,” तो बैठकीत म्हणाला, आणि मग तिच्याकडे पाहून ओशाळला. “म्हणजे, त्या वेळी तसं करायची पद्धत असेल, मॅडम.”

सगळ्यात आधी मान डोलावली ती विक्रीप्रमुखाने.

तिला कागदपत्र विभागात नेलं. खोली चांगली होती, उजेड भरपूर होता. यंत्रांच्या माहितीपुस्तिका तपासायच्या, जुन्या प्रकरणांच्या फायली लावायच्या. सोल्डरिंगची बंदूक तिने कुणालाच दिली नाही, पण घरीही नेली नाही; ती खालच्या खणात पडून राहिली.

धाकटा सुरुवातीला रोज दुपारी डबा घेऊन तिच्या खोलीत यायचा. भाजीतला अर्धा वाटा तिच्या डब्याच्या झाकणात काढायचा आणि खाली मान घालून जेवायचा. मग एक दिवसाआड येऊ लागला. मग त्याच्याकडे नव्या तंत्रज्ञांना शिकवायचं काम आलं आणि त्याला वेळ मिळेनासा झाला.

एका रविवारी भावजयीने सगळ्यांना जेवायला बोलावलं होतं. भावजयीचा चुलतभाऊ आला होता, त्याने अपघाताचं विचारलं. ती आत ताटं पुसत होती. बाहेरून धाकट्याचा आवाज येत होता, मोकळा, गप्पांच्या ओघातला.

“सर्किटच तसं होतं हो. थरथरीने सरकायचं. मी आठ दिवस आधीच तिथे जाऊन आलो होतो, विचार करा. नशीब म्हणायचं, माझ्यावर नाही आलं. आता मी नव्या पोरांना पहिल्याच दिवशी सांगतो, प्रीसेटवर विश्वास ठेवायचा नाही.”

ती ताट हातात घेऊन दारात आली. तिला बघून तो गडबडेल, निदान डोळे तरी चुकवेल, असं तिला वाटलं. त्याने डोळे चुकवले नाहीत. उलट हात पुढे करून तिच्या हातातलं ताट घेतलं आणि समजुतीच्या सुरात म्हणाला, “ताई, तुला दोष देत नाहीये गं मी. आमच्या ताईइतकं डोकं कुणाला नाही,” हे त्याने चुलतभावाला सांगितलं, “पण खरं ते खरं.”

ती त्याच्या चेहऱ्याकडे पाहत राहिली. तो नाटक करत नव्हता. मधल्या महिन्यांत कधीतरी त्याने तो अहवाल स्वतःशीच इतक्यांदा वाचला होता की तो त्याला खरा वाटायला लागला होता.

“चुका सगळ्यांकडूनच होतात, ताई,” भावजय म्हणाली आणि तिच्या पाठीवरून हात फिरवला. आईने नातीच्या ताटात वाढायला घेतलं. तिने वर पाहिलं नाही.

अपघाताला आठ महिने झाले तेव्हा प्रकरण बंद झालं आणि चौकशीच्या फाइलची कंपनीला मिळालेली प्रत तिच्याकडेच लावायला आली. पानांना क्रमांक घालता घालता ऑपरेटरचे दोन जबाब तिच्या हाती लागले. पहिला इस्पितळात घेतलेला: ‘आठ दिवस आधी कंपनीचा माणूस आला होता. त्याने झाकण उघडून स्क्रू फिरवला. मी शेजारी उभा होतो. त्यानंतर अलार्म वाजला नाही.’ दुसरा चार महिन्यांनंतरचा, चार ओळींचा: ‘तज्ज्ञांचा अहवाल मला वाचून दाखवण्यात आला. माझा पूर्वीचा जबाब औषधांच्या अमलाखाली व गैरसमजातून दिला गेला असावा. तो मी मागे घेतो.’ खाली सही नव्हती, अंगठा होता. पहिल्या जबाबाखाली सही होती.

तिने पत्ता उतरवून घेतला. शनिवारी अर्ध्या दिवसाची रजा टाकली.

घर तळमजल्यावर होतं. दार त्याच्या बायकोने उघडलं. कंपनीतून आलेय म्हटल्यावर ती बाई बाजूला झाली, पण ‘या’ म्हणाली नाही. तो खिडकीपाशी खुर्चीत बसला होता, पन्नाशीचा, रुंद खांद्यांचा माणूस, काळा चष्मा लावलेला. प्रत्येक दोन वाक्यांमागे त्याला खोकला यायचा आणि खोकला येऊन गेला की तो माफी मागितल्यासारखा हात वर करायचा.

“तुम्हीच का त्या, अहवाल लिहिणाऱ्या?” त्याने विचारलं. “बसा, बसा. अगं, चहा टाक.”

“नको, मी—”

“टाक गं. मला यांना भेटायचंच होतं.” तो तिच्या आवाजाच्या रोखाने वळला. “मॅडम, माझ्या हातून एक वाईट गोष्ट होत होती. तुमच्यामुळे वाचलो.”

ती समोरच्या खुर्चीच्या कडेवर टेकली.

“तुमच्याकडचा तो मुलगा, दुरुस्तीला आला होता तो. मी सांगून बसलो होतो की त्याने स्क्रू फिरवला. अगदी छातीठोकपणे. त्याची नोकरी गेली असती, काय काय झालं असतं. मग तुमचा अहवाल आला. मुलीने मला तीन वेळा वाचून दाखवला. सगळं कसं कसं झालं ते त्यात लिहिलंय. थरथरीने सरकला.” त्याला खोकला आला. हात वर झाला. “त्याला सांगा, त्याच्याबद्दल माझ्या मनात काही नाही. माझी चूक झाली.”

“तुम्हाला नक्की काय आठवतं?” तिने विचारलं.

“आता काय सांगू? तो स्टुलावर चढलाय, झाकण माझ्या हातात दिलंय, मी विचारतोय, ‘अहो, पण मग वेळेला वाजेल ना?’ आणि तो म्हणतोय, ‘वाजेल हो, काळजी करू नका.’ असं दिसतं मला, अगदी समोर. झाकण गार लागलं होतं हातांना.” तो ओशाळवाणं हसला. “पण चौकशीच्या साहेबांनी समजावलं. म्हणाले, आजारपणात माणूस मनातच एखादी गोष्ट रचतो आणि मग ती त्याला खरी वाटते. असेल तसं. डोळेच धड राहिले नाहीत, तर त्यांनी पाहिलेल्याचं काय घेऊन बसायचं?”

बायको चहाचा कप घेऊन आली होती. तो तिने स्टुलावर ठेवला, पण आत गेली नाही.

“कॉम्प्रेसरवर बावीस वर्षं काढली यांनी,” ती म्हणाली. “कुठला व्हॉल्व्ह कधी बंद केला, पाच दिवसांनी विचारा, सांगायचे. आता मला विचारतात, मी दाराला कडी लावली का? लावली म्हटलं तरी उठून चाचपतात. परत येऊन बसतात आणि पुन्हा विचारतात.”

“वय झालं,” तो म्हणाला.

“वय नाही झालं,” बायको म्हणाली.

समोर आलेला चहाचा कप तिने उचलला होता, तो न पिताच खाली ठेवला.

“तुम्ही पाहिलंत ते खरं आहे,” ती म्हणाली. “त्याने स्क्रू फिरवला होता. तुम्हाला बरोबर आठवतंय.”

 बाहेर कुणीतरी पाण्याचा नळ सोडला होता, बादली भरत आल्याचा आवाज येत होता. मग तो हसला, मायेने, लहान मुलाच्या थापेला हसावं तसं.

“मला बरं वाटावं म्हणून म्हणताय.”

“नाही. मी स्वतः बोर्ड उघडला. मी पाहिलं.”

“मग अहवालात का नाही लिहिलंत?”

तिने तोंड उघडलं. तो माझा भाऊ आहे, हे चार शब्द तिच्या जिभेवर आले आणि तिथेच थांबले. तो तिच्या उत्तराची वाट पाहत होता. उत्तर येत नाही म्हटल्यावर त्याने स्वतःच मान हलवली, जणू तिची अडचण त्याला समजली होती.

“बघा,” तो म्हणाला. “अहवालावर तुमची सही आहे, शिक्का आहे. सगळ्या खात्यांनी तो मानलाय. आणि आज तुम्ही इथे बसून, माझी ही अवस्था बघून, काहीतरी बोलताय. मी कुठलं धरू? नका एवढं मनाला लावून घेऊ, मॅडम. यंत्रच ते. सरकतं.”

त्याला पुन्हा खोकला आला, या वेळी तो लवकर थांबला नाही. बायकोने पाण्याचा पेला त्याच्या हातात दिला, त्याची बोटं पेल्याभोवती नीट मिटवली. तो दमला होता. ती उठली, येते म्हणाली. त्याने दोन्ही हात जोडले, तिच्यापासून थोडे डावीकडे.

बाहेर पायरीवर ती चपला घालत असताना बायको मागून आली आणि तिने दार ओढून घेतलं.

“आत बोललात ते खरं आहे?”

“हो.”

“तो माणूस कोण तुमचा?”

तिने चपलेचा पट्टा लावला. “भाऊ आहे. सख्खा.”

बाईने ओरडावं, शिवी द्यावी, असं तिला वाटलं. तिने त्याची तयारीही केली. बाईने तसलं काही केलं नाही. ती आत गेली आणि मुलीची शाळेची वही आणि पेन घेऊन आली. वहीतलं एक कोरं पान उघडून तिने ती पुढे केली.

“लिहून द्या.”

“देते. सोमवारी कंपनीच्या कागदावर नीट—”

“आत्ता,” बाई म्हणाली.

ती पायरीवर बसली. वही गुडघ्यावर ठेवून तिने वर तारीख घातली, त्याखाली आपलं पूर्ण नाव लिहिलं, हुद्दा लिहिला आणि थोडं थांबून हुद्दा खोडला. पहिली ओळ लिहायला तिला बराच वेळ लागला. गल्लीतून माणसं येत-जात होती, पायरीवर बसलेल्या बाईकडे बघून पुढे जात होती. ऑपरेटरची बायको दाराला पाठ लावून उभी होती आणि पान भरेपर्यंत ती तिथून हलली नाही.